फ्लटरमधला वेबव्ह्यू पांढरा पडतो, दुरुस्त केला की परत पडतो

"साहेब, ॲप परत पांढरं झालंय."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन. म्हटलं, स्क्रीनशॉट पाठवा. त्यांनी लगेच पाठवला: वर घड्याळ, शेजारी अठरा टक्के बॅटरी, खाली तीन बटणं आणि मधे कोरा कागद. या एकाच ॲपपायी असा कोरा कागद मला दीड वर्षात पाच वेळा आला. दर वेळी दुरुस्त केलं, दर वेळी वाटलं मिटलं, आणि दर वेळी कारण नवीनच निघालं. जुळे सोलापुरात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथला माझा जोडीदार शेवटी वैतागून म्हणाला, "रोग बघायलास का नुसता ताप उतरवायलास बे?"

तेव्हापासून सगळ्या नोंदी एका वहीत ठेवल्या. त्या वहीतूनच हे लिहितोय. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, ज्याचं काम आहे तो ओळखेल.

ॲप साधं आहे. वरचं कवच फ्लटरचं (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवायचं साधन): लॉगिन, नोटिफिकेशन, जुन्या ऑर्डरी. कॅटलॉग आणि पैसे भरायचं पान मात्र मालकांच्या आधीपासूनच्या वेबसाइटवरचं. तेच आत वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये, उघडतं. सगळं नव्याने बांधायला त्यांच्याकडे बजेट नव्हतं आणि आमच्याकडे माणसं नव्हती. हैदराबादपासून हुबळीपर्यंतचे व्यापारी त्यावरून टॉवेल, नॅपकिन, चादरी मागवतात.

आता मुद्दा. फ्लटर आपली बटणं, अक्षरं स्वतः रंगवतो. वेबव्ह्यू तो रंगवत नाही. ते फोनमधलं इंजिन आहे, अँड्रॉइडवर क्रोमियमचं आणि आयफोनवर डब्ल्यूके-वेबव्ह्यू. आपण चौकट देतो आणि आत भाडेकरू ठेवतो. आत काही बिनसलं की भाडेकरू दार वाजवून सांगतो. आपण कान दिला नाही तर बाहेरून दिसते ती फक्त पांढरी भिंत. म्हणून गिऱ्हाइकाला "नेट चालू आहे का" हे नंतर विचारा. आधी विचारा, पांढरं नक्की कधी होतं? पहिल्यापासूनच? एकाच फोनवर? का आधी नीट चालतं आणि मधे दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलं की होतं? या एका उत्तरावर अर्धी कारणं गळून पडतात.

रिलीज केलं आणि पांढरं

हे लिहायला लाज वाटते, पण पहिली चूक हीच होती. डीबगमध्ये, म्हणजे आमच्या चाचणीच्या प्रतीत, ॲप छान चालायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं रिलीजचं एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) टाकलं की पांढरं. फ्लटर नवा प्रोजेक्ट बनवताना इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहायच्या फाइलमध्ये) घालतो, मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती आपण लिहायची असते. एक ओळ. ती नसेल तर अँड्रॉइड "वेबपेज उपलब्ध नाही" असं पान दाखवून खाली "कॅश मिस" अशी चूक लिहितो. नाव इतकं फसवं आहे की माणूस कॅश साफ करत बसतो. आमच्याकडे तर तेही दिसत नव्हतं, कारण पान पूर्ण येईपर्यंत वर पांढरा थर ठेवायची हौस आम्हीच केली होती. तो थर त्याच दिवशी काढला आणि त्याजागी काय चुकलं त्याचा कोड दाखवणारं आमचं स्वतःचं पान बसवलं. या पानानेही पुढे त्रास दिला, ते खाली येतंच.

कारखान्याच्या वायफायवरच पांढरं

कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर स्टॉकचा जुना प्रोग्राम चालतो. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, साधा एचटीटीपी, म्हणजे माहिती कुलूप न लावता पाठवणारा. मालकांना तो ॲपमध्ये हवा होता. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे ज्या ॲपचं टार्गेट एपीआय (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा) २८ किंवा पुढचं आहे त्यांच्यासाठी, साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. चूक येते "क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड". शोधाशोध केली की सगळे सांगतात, मॅनिफेस्टमध्ये क्लिअरटेक्स्ट ट्रू करा. करू नका. त्याने पैसे भरायच्या पानासकट सगळ्यालाच उघडं दार मिळतं. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची छोटी फाइल करा आणि तेवढ्या एका पत्त्याला सूट द्या. आयफोनवर ट्रान्स्पोर्ट सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कपुरती वेगळी सूट आहे. शिवाय आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरच्या यंत्राशी बोलायला वापरणाऱ्याची परवानगी लागते. ती खिडकी आली की घाईत "नको" दाबणारे खूप. मग सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करायला लावायचं.

एकाच फोनवर पांढरं, तेही कायम

वर सांगितलेला अठरा टक्के बॅटरीचा स्क्रीनशॉट तो हा. फोन ऑफिसातल्या क्लार्कचा. त्याच फोनच्या क्रोममध्ये तीच वेबसाइट झकास उघडायची, ॲपमध्ये पांढरी. आमचं चूक दाखवणारं पानही येत नव्हतं. म्हणजे पान फोनपर्यंत पोचत होतं, पण आत काही उमटत नव्हतं.

केबल लावली, क्रोमचं इन्स्पेक्ट पान (वेबव्ह्यूच्या आत काय चाललंय ते दाखवणारं) उघडलं, कन्सोलमध्ये एकच लाल ओळ: सिंटॅक्स एरर. वेबसाइट दुसरा मुलगा सांभाळतो. त्याने आदल्या आठवड्यात बिल्डची, म्हणजे वेबसाइटच्या फाइली तयार करायची, साधनं अपडेट केली होती, त्यामुळे तयार फाइलमध्ये प्रश्नचिन्ह-टिंबवाली ऑप्शनल चेनिंग (जावास्क्रिप्ट लिहायची एक नवी पद्धत) जशीच्या तशी उतरली. ती क्रोमला कळते ती ८० व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून. या फोनवरचा वेबव्ह्यू ७४ चा. जावास्क्रिप्टची फाइल वाचतानाच एक चिन्ह कळलं नाही की इंजिन सगळी फाइल नाकारतं. पूर्ण पान जावास्क्रिप्टवर उभं असेल तर उरतो रिकामा बॉडी टॅग.

पण क्रोम नवं आणि वेबव्ह्यू जुना, हे कसं? अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये क्रोमच वेबव्ह्यूचं काम करतं. १० पासून "अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू" हे पुन्हा वेगळं ॲप झालं आणि प्ले स्टोअरमधून वेगळं अपडेट होतं. डेटा वाचवायला क्लार्कने ऑटो अपडेट बंद ठेवलं होतं, क्रोम तेवढं हाताने अपडेट करायचा. सिस्टिम वेबव्ह्यू नावाचं काही आपल्या फोनमध्ये आहे हे त्याला माहीतच नव्हतं. कशाला असेल? त्याला आयकॉनसुद्धा नसतो.

इलाज दोन्हीकडून केला. वेबसाइटवाल्याला बिल्डचं टार्गेट खाली आणायला, म्हणजे जुन्या ब्राउझरला कळेल अशा फाइली बनवायला, सांगितलं. ॲपमध्ये सुरुवातीला यूजर एजंटमधला (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीतला) क्रोमचा आकडा वाचून, तो फार जुना असला तर फ्लटरचंच एक पान दाखवतो: "फोनमधला वेबव्ह्यू जुना आहे, इथे दाबून अपडेट करा." दाबलं की थेट प्ले स्टोअर. अपडेट हे नेहमीच औषध असतं असंही नाही. २०२१ च्या मार्चमध्ये याच वेबव्ह्यूच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर जीमेलसकट कितीतरी अँड्रॉइड ॲप उघडताच बंद पडत होती आणि लोक अपडेट उलट काढून टाकत होते. म्हणून तक्रार आली की वेबव्ह्यूची आवृत्ती विचारून वहीत लिहायचीच.

इन्स्पेक्टसाठी वेबव्ह्यूचं डीबगिंग कोडमधून चालू करावं लागतं. आयफोनवर आयओएस १६.४ पासून तसंच आहे: "इझ इन्स्पेक्टेबल" चालू केल्याशिवाय सफारीच्या डेव्हलप मेनूत आपलं पान दिसतच नाही. रिलीजमध्ये दोन्ही बंद ठेवा.

पैसे भरायला गेलं की

यूपीआयचं बटण दाबलं की पान "अननोन यूआरएल स्कीम" म्हणून मरायचं. वेबव्ह्यूला एचटीटीपी आणि एचटीटीपीएस कळतं. यूपीआयने सुरू होणारा पत्ता कोणाला द्यायचा हे ब्राउझरला माहीत असतं, वेबव्ह्यूला नाही. नॅव्हिगेशन डेलिगेटमध्ये (वेबव्ह्यू नव्या पत्त्यावर जायच्या आधी आपल्याला विचारतो ती जागा) तो पत्ता अडवून बाहेरच्या ॲपकडे पाठवायचा. इतपत सगळीकडे लिहिलेलं सापडतं. आमचा वेळ गेला तो पुढच्या गोष्टींत.

अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये कोणती ॲप आहेत हे आपल्या ॲपला आपोआप दिसत नाही. मॅनिफेस्टच्या क्वेरीजमध्ये यूपीआय स्कीम लिहिली नाही तर "उघडता येईल का" या प्रश्नाला उत्तर "नाही" येतं, फोनमध्ये तीन-तीन यूपीआय ॲप असली तरी. आम्ही तो प्रश्न विचारणंच सोडलं. सरळ उघडायला सांगतो, नाही उघडलं तर चूक पकडतो. आयफोनवर यूपीआयच्या सर्वसाधारण पत्त्याला "कोणत्या ॲपने भरू" अशी यादी येत नाही, त्यामुळे ॲपनिहाय वेगळे पत्ते ठेवावे लागतात आणि ते इन्फो-प्लिस्टमध्ये (आयफोन ॲपच्या मॅनिफेस्टसारख्या फाइलमध्ये) नोंदवावे लागतात.

दुसरं, अँड्रॉइडवर पत्ता अडवायचा हा कॉलबॅक (वेबव्ह्यूकडून येणारा निरोप) पोस्ट रिक्वेस्टला, म्हणजे पान सर्व्हरकडे माहिती पाठवतं तेव्हा, येतच नाही. आमचा पेमेंट गेटवे निकाल पोस्टने परत पाठवायचा आणि आम्ही त्या पत्त्याची वाट बघत बसायचो. शेवटी सर्व्हरवर पोस्ट घेऊन तिथून साध्या गेट रिक्वेस्टने (नुसतं पान मागणाऱ्या) पुढे ढकललं, मग पकडता आलं.

तिसरं, इंटेंटने सुरू होणारे, म्हणजे अँड्रॉइडवर दुसरं ॲप उघडायला सांगणारे पत्ते. ते नेटिव्ह बाजूला, म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या कोडमध्ये, नीट सोडवावे लागतात. जे येईल ते डोळे झाकून उघडू नका. आत उघडलेलं कुठलंही पान तुमच्या ॲपच्या नावावर काहीही उघडायला सांगू शकतं. ठरलेल्या चार ॲपचीच यादी ठेवा.

जाता जाता: वेबव्ह्यूमध्ये गुगल साइन-इन घातलं असेल तर ते पांढरं पडत नाही, "डिसअलाउड यूजर एजंट" म्हणून ४०३ देतं. ती गुगलची जाणूनबुजून घातलेली बंदी आहे, कारण वेबव्ह्यू ज्याच्या ॲपमध्ये आहे तो पासवर्ड वाचू शकतो. यूजर एजंट बदलून चकवायच्या युक्त्या मिळतील, त्यात पडू नका. लॉगिनला फोनच्या खऱ्या ब्राउझरवर चालणारी सोय घ्या: अँड्रॉइडवर कस्टम टॅब, आयफोनवर वेब ऑथेंटिकेशन सेशन.

जाऊन परत आलं की पांढरं

आता खरं दुखणं. हुबळीचा व्यापारी म्हणायचा, "ॲप बाहेर फेकतंय." मालकांचा मुलगा आयफोनवाला, तो म्हणायचा, "पांढरं होतंय." या दोन वेगळ्या तक्रारी समजून आम्ही दोन महिने दोन वेगळ्या जागी खणत होतो.

नवी पेठेतून २ जीबी रॅमचा एक सेकंडहँड फोन घेतला. चाचणीसाठी केलेली आमची सगळ्यात शहाणी खरेदी. आमच्या हातातल्या फोनवर जे महिन्यात एकदाही दिसलं नाही, ते त्याच्यावर दहा मिनिटांत दिसलं. कॅटलॉग उघडायचा, चाळीसेक डिझाइन खाली सरकवायची, "खराब मालाचा फोटो" दाबून कॅमेऱ्यात जायचं, फोटो काढून परत यायचं. तिसऱ्या फेरीला ॲप गायब.

झालं असं. अँड्रॉइड ८ पासून वेबव्ह्यूचं पान रंगवणारा रेंडरर साधारणपणे आपल्या ॲपच्या बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. आयफोनवरही वेब कंटेंट प्रोसेस वेगळीच. कॅमेरा किंवा यूपीआय ॲप पुढे आलं, मेमरी कमी पडली, की फोन मागच्या प्रोसेस मारतो आणि ही त्यातली सोपी शिकार. अँड्रॉइड मग "ऑन रेंडर प्रोसेस गॉन" असा निरोप देतो. तो कोणी घेतला नाही तर पूर्ण ॲपच बंद होतं. आयफोन ॲप बंद करत नाही, वेबव्ह्यू रिकामा ठेवतो. एकच कारण, एका फोनवर "फेकतंय", दुसऱ्यावर "पांढरं".

हे मी मालकांना मागाशेजारी उभं राहून समजावत होतो. त्यांनी मागाकडे बोट केलं. "आडवा धागा तुटला की हा आपोआप थांबतो. तुमचं ॲप धागा तुटला तरी चालूच राहतं, नुसता कपडा येत नाही." याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं.

आता इलाज. अँड्रॉइडवर निरोप घेतला आणि "सांभाळतो" म्हणून ट्रू परत दिलं, तर ॲप जगतं. आम्ही पहिल्यांदा इथेच थांबलो आणि पाचवा कोरा कागद ओढवून घेतला. ॲप जगलं तरी तो वेबव्ह्यू मेलेलाच असतो, त्याला रीलोड सांगून काही होत नाही. तो काढून टाकून नवा बसवावा लागतो. फ्लटरमध्ये विजेटला (स्क्रीनवरच्या तुकड्याला) नवी "की", म्हणजे ओळखखूण, दिली की जुना जातो आणि नवा येतो. एकाहून जास्त वेबव्ह्यू असतील तर तेही याच रेंडररवर असू शकतात, तेव्हा सगळेच तपासा. आयफोनवर रीलोड चालतं, पण शेवटचा पत्ता आपणच जपून ठेवलेला बरा.

आम्ही यासाठी इनॲपवेबव्ह्यू हे पॅकेज घेतलं, त्यात दोन्हीकडचे निरोप मिळतात. फ्लटरच्या स्वतःच्या वेबव्ह्यू पॅकेजमध्ये आयफोनचा निरोप वेब रिसोर्स एररच्या रूपात येतो, प्रकार बघून ओळखायचा. रिॲक्ट नेटिव्हवाल्यांना (फ्लटरसारखंच दुसरं साधन) वेबव्ह्यू पॅकेजमध्ये दोन्हीसाठी तयार कॉलबॅक आहेत.

चाचणीसाठी मेमरी भरायची वाट बघू नका. अँड्रॉइडवर वेबव्ह्यूला क्रोम स्कीमचा "क्रॅश" हा खास पत्ता उघडायला सांगितला की रेंडरर जागेवर मरतो. दर रिलीजआधी आम्ही तो तीन पानांवर चालवतो: कॅटलॉग, कार्ट, पैसे.

पैशाच्या पानाचं वेगळं. तिथे शेवटचा पत्ता परत उघडणं हा गुन्हा समजा. आमच्याकडे एका व्यापाऱ्याचे पैसे दोनदा जाता जाता राहिले, चूक सर्वस्वी आमची. आता यूपीआयकडे पाठवायच्या आधी ऑर्डर क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवतो आणि परत आल्यावर वेबव्ह्यू जिवंत असो वा मेलेला, थेट सर्व्हरला विचारतो की पैसे आले का. याने आणखी एक केस सुटली. कधीकधी रेंडरर नाही, आपलं पूर्ण ॲपच मागच्या मागे मारलं जातं आणि परत आल्यावर पहिल्या स्क्रीनपासून सुरू होतं. डेव्हलपर ऑप्शनमधलं "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" (ॲप मागे गेलं की त्याची स्क्रीन लगेच बंद करणारं) चालू करून यातलं बरंच आधीच पकडता येतं.

आमच्याच पानाने केलेला घोळ

कबूल केल्याप्रमाणे. काय चुकलं त्याचा कोड दाखवणारं जे पान आम्ही हौसेने बसवलं होतं, ते अधूनमधून विनाकारण यायला लागलं. मागे कॅटलॉग व्यवस्थित उघडलेला आणि वर आमचं "अडचण आली आहे". कारण वेब रिसोर्स एरर हा निरोप फक्त पानासाठी नसतो, पानातल्या प्रत्येक चित्रासाठी, फॉन्टसाठी, तिसऱ्याच सर्व्हरवरच्या मोजणीच्या स्क्रिप्टसाठीही येतो. एक फॉन्ट आला नाही की आम्ही दुकान बंद करत होतो. "मेन फ्रेमसाठी, म्हणजे मुख्य पानासाठी, आहे का" ही एक अट घातली की संपलं.

मग मेलेला वेबव्ह्यू बदलताना मधल्या क्षणात काय दाखवायचं हा प्रश्न आला. आम्ही लिहिलं: "पान परत उघडतोय, तुमची ऑर्डर सुरक्षित आहे." मालक म्हणाले, आमचे निम्मे लोक तेलुगू वाचतात. खाली तेलुगूत एक ओळ घातली, हुबळीसाठी कन्नडमध्ये एक. सोलापुरात हे आधीच सुचायला हवं होतं.

चार आठवड्यांनी परत फोन. "आता पांढरं येत नाही. पण ते 'परत उघडतोय' लई वेळा येतंय."

आता पट्टी काढून जखम बघणं आलं. कॅटलॉगमधले चादरींचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे चढवलेले, ४००० बाय ३००० पिक्सेल. फाइल ३ एमबीची असली तरी पूर्ण उलगडलेलं चित्र पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी मेमरी खातं, आणि एका पानावर चाळीस डिझाइन. २ जीबीच्या फोनने रेंडरर मारला नसता तरच नवल. वेबसाइटवाल्याला सांगून सगळे फोटो १०८० बाय ८१० केले, म्हणजे एकामागे साडेतीन एमबी. खालचे फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच मागवायची सोय केली.

रेंडरर किती वेळा मरतो याची मोजणी आता ॲपमधून येते. नवी पेठेतला तो फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो आणि नवीन डिझाइन चढली की आधी त्याच्यावर उघडतो. मागच्या आठवड्यात एकाच चादरीपाशी तो परत अडकला. मालकांच्या मुलाने नवा फोन घेतलाय आणि फोटो आता त्याहून मोठे येतात.